माथेरानचा दिवाळी सीझन आजवर कुणी खांद्यावर वाहिला?

मंडळी, दसरा झाला, कोजागिरीचं दूधही आटवून झालं. आता नेरळ स्टेशनाबाहेर एकच प्रश्न कानावर येतो, "मिनी ट्रेन कधी सुरू होणार?" दरवर्षीचंच आहे हे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, वर फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. ऑक्टोबर आला की हॉटेलवाले रंगरंगोटी काढतात, घोडेवाले नाल ठोकून घेतात, चप्पलवाले आणि चिक्कीवाले माल भरतात. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-पुणे-गुजरातची गर्दी चढते आणि गावाला चार महिन्यांनी पैसा दिसतो.

पण २०२५ चा दिवाळी सीझन नेहमीसारखा नव्हता. ६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा. म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत. निकाल नीट अंमलात आला तर माणसाने माणसाला ओढत नेण्याचा तो शेवटचा दिवाळी सीझन.

या निकालावर मी गावात, नाक्यावर, ट्रेनमध्ये बरंच ऐकलं. काहींना आनंद, काहींना राग, घोडेवाल्यांना भीती. पण एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. माथेरानचा इतिहास आपण नेहमी पॉइंटांचा, बंगल्यांचा आणि साहेबांचा म्हणून सांगतो. मला वाटतं तो वाहून नेणाऱ्यांचा इतिहास आहे. तो माहीत असेल तर पुढे काय मागायचं तेही कळेल. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

पाऊस सरल्यावरचं गाव

शाळेत आपण पाठ केलंय की १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाकडून डोंगर चढले आणि त्यांनी माथेरान "शोधलं". आता हा डोंगर काही हरवला नव्हता. ठाकूर, कातकरी, धनगर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या रानात वावरत होती. मॅलेटने शोधलं ते मुंबईच्या गोऱ्या साहेबाला उकाड्यातून पळायला जवळचं ठिकाण.

मजेची गोष्ट पुढे आहे. उन्हाळ्यात डोंगर बघून गेलेला मॅलेट पाऊस सरल्यावर परत आला. नेरळच्या बाजूने पायवाट तोडून घेतली आणि घर बांधायला काढलं. तेच पुढे "बाइक" नावाने ओळखलं गेलं. म्हणजे माथेरानच्या वसाहतीची सुरुवात शरदातली आहे. १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे रस घेतला, रस्ते आखले गेले, बंगले उभे राहिले. तेव्हापासून गावाला दोन सीझन, एक उन्हाळ्याचा आणि एक पावसानंतरचा.

पावसानंतरच का, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. खाली कर्जत-पनवेलला ऑक्टोबरची तलखी सुरू असते आणि वर आठशे मीटरवर, दाट झाडीखाली, अंगाला गारवा लागतो. जांभ्या दगडाची लाल वाट अजून दमट असते, धूळ बसलेली असते. हवा धुऊन निघालेली असते, त्यामुळे पॅनोरमा पॉइंटवरून लांबवरचं दिसतं, लुईझावरून प्रबळगड समोर उभा राहतो. कड्यावरच्या धारा आटत आलेल्या, पण शार्लोट तलाव तुडुंब. एप्रिल-मे मध्ये यातलं काही नसतं. माझं मत विचाराल तर माथेरान बघावं ते दिवाळीच्या आगेमागेच.

आधी पालखी, मग तट्टू

आता प्रश्न असा, की हे साहेब लोक वर यायचे कसे?

१८५६ मध्ये रेल्वे कल्याणहून पुढे पळसदरीपर्यंत आली आणि नेरळ रेल्वेवर आलं. मुंबईहून काही तासांत पायथा गाठता यायला लागला. पण नेरळ ते माथेरान हा साडेसातशे मीटरचा चढ होताच. साहेब तट्टूवर बसायचा. मॅडम, म्हातारी माणसं आणि आजारी लोक पालखीत किंवा खुर्चीत बसायचे आणि ती खुर्ची माणसं खांद्यावर घ्यायची. ट्रंका, पलंग, भांडीकुंडी, मद्याच्या पेट्या, पियानोसुद्धा वर नेणारा कुणीतरी असायचाच. "कुणीतरी" म्हणजे पायथ्याच्या आणि डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं, आणि सीझनपुरते घाटावरून, कोकणातून पोटासाठी आलेले मजूर.

डॉ. जे. वाय. स्मिथ यांचं माथेरानवरचं जुनं पुस्तक १८७१ चं आहे. त्याच्या नावात डोंगराबरोबर तिथली माणसं, झाडं आणि प्राणी असे तीन शब्द येतात. माणसं, झाडं, प्राणी एका ओळीत! त्या काळच्या साहेबाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बंगल्यांची नावं आणि मालक आजही सांगता येतात. खुर्ची उचलणाऱ्या एकाचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

हातरिक्षा हा प्रकार मूळचा जपानचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो सिमल्यासारख्या थंड हवेच्या ठिकाणी रुळला आणि आपल्याकडेही आला. खांद्यावरचं ओझं चाकावर आलं. तेव्हाच्या मानाने ती सुधारणाच होती म्हणा! पण ओढणारा माणूसच राहिला. चढावर एकजण पुढून ओढणार, दोघं मागून ढकलणार, आणि उतारावर तेच तिघे गाडी सुटू नये म्हणून अंग मागे टाकणार. हे चित्र पुढची शंभराहून जास्त वर्षं बदललं नाही.

आदमजींची गाडी

माथेरानच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल एका बोहरा उद्योजकाच्या घराण्याने केला. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी नेरळ-माथेरान रेल्वेचं काम हाती घेतलं आणि १९०७ मध्ये गाडी वर पोचली. खर्च १६ लाख रुपये, तेव्हाचे! दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटर अंतर, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज करत करत जाणारी नागमोडी वाट, आणि मधे तो एवढासा बोगदा ज्याला "वन किस टनेल" म्हणतात.

या गाडीने काय केलं? नेरळपासूनची पालखी संपवली. पैसेवाल्याबरोबर कारकूनही कुटुंबाला घेऊन वर यायला लागला. मुंबईतल्या पारशी, बोहरा, गुजराती मंडळींची आरोग्यभवनं आणि सुट्टीची घरं भरू लागली. गाव वाढलं.

पण गाडीने एक गोष्ट केली नाही. ती बाजारापाशी थांबते. तिथून हॉटेलपर्यंत, हॉटेलपासून पॉइंटपर्यंत जायला पुन्हा घोडा, रिक्षा नाहीतर पाय. पुढे मोटररस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत आला आणि तिथेच थांबवला. दस्तुरी ते बाजार हे अडीच-तीन किलोमीटर म्हणजे माथेरानच्या सगळ्या अर्थकारणाची नाडी. हातरिक्षा, घोडे, डोक्यावर बॅगा नेणाऱ्या आदिवासी बायका, सगळ्यांची चूल त्या पट्ट्यावर पेटते.

शिवाय ही गाडी हळवी आहे. २६ जुलै २००५ च्या पावसाने रूळ वाहून नेले, ते २००७ मध्ये पुन्हा जोडले गेले. २०१६ च्या मे मध्ये डबे घसरले आणि गाडी बंद झाली, ती आधी शटल म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरात आणि नेरळपासून २०१८ च्या जानेवारीत सुरू झाली. २०१९ च्या पावसाने परत घात केला, नेरळहून गाडी सुटली ती थेट २०२२ च्या ऑक्टोबरात. बघा, बहुतेक वेळा मारतो पावसाळा आणि आशा लागते दिवाळीची. आणि प्रत्येक वेळी गाडी बंद पडली की तो भार पुन्हा माणसाच्या आणि जनावराच्या अंगावर येतो.

गाडी नाही म्हणजे काय?

आपण अभिमानाने सांगतो, माथेरानमध्ये गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. ४ फेब्रुवारी २००३ ला केंद्राने माथेरान इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला, २१४.७३ चौरस किलोमीटरचा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी सोडली तर मोटार वर येत नाही. हे झालं म्हणून जंगल टिकलं, यात मला शंका नाही. खाली नेरळ-कर्जतचे डोंगर कसे पोखरले जातायत ते आपण रोज बघतो. माथेरानवर तसं झालं असतं तर आज एकही पॉइंट शिल्लक नसता.

पण गाडी नाही याचा दुसरा अर्थ आपण सांगत नाही. गाडी नाही म्हणजे ओझं नाही असं होत नाही. सिलेंडर, भाजी, दूध, सिमेंट, शाळेची वह्या-पुस्तकं, पर्यटकाची चाकाची बॅग, सगळं कुणीतरी वाहतं. बाळंतीण असो की दम्याचा पेशंट, मुंबईचा पाहुणा असो की गावातली आजी. २०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती, २००१ मध्ये ५,१३९. सगळ्या महाराष्ट्रात गावं फुगतायत आणि हे गाव आटतंय. पोरं खाली उतरतायत. का उतरतायत याचा विचार स्वच्छ हवेचं कौतुक करताना करायला हवा.

पर्यावरण राखायचं आणि त्याची किंमत मात्र सगळ्यात गरीब माणसाच्या फुप्फुसाने भरायची, असा हा व्यवहार होता. तो कुणी ठरवून केला नसेल, पण सगळ्यांनी चालू दिला. मीही त्याच लाल वाटेवरून वर्षानुवर्षं ट्रेकला जातो, सांगतोय ते बाहेरून बोट दाखवून नाही.

एक शरद १९४२ चा

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. आपले भाई कोतवाल. १ डिसेंबर १९१२ ला माथेरानमध्येच, गरीब न्हावी कुटुंबात जन्म. साहेबांच्या आणि शेठ लोकांच्या गावातला हा कष्टकऱ्याचा पोरगा वकील झाला, परत आला, गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली, शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या सुरू केल्या आणि माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला.

१९४२ चा ऑगस्ट पेटला. त्यानंतरचा सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, म्हणजे जेव्हा वर बंगल्यांत पावसानंतरचा सीझन भरायचा नेमके तेच दिवस, भाईंच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडण्यात घालवले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. भाईंना तिशी लागून महिनाच झाला होता.

आपण दरवर्षी सिद्धगडला जातो, फुलं वाहतो, घोषणा देतो. चांगलंच आहे. पण भाई ज्या गावच्या नगरपालिकेत बसले, त्याच गावात स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी माणूस माणसाला ओढत राहिला, ही गोष्ट त्या फुलांच्या शेजारी ठेवून बघा.

निकालात खरं काय आहे

आता कोर्टाच्या निकालाकडे या, कारण व्हॉट्सॲपवर त्याच्याबद्दल बरंच काही फिरतंय.

तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने तीन मुद्दे सांगितले. पहिला, हातरिक्षा ही माणुसकीला न शोभणारी प्रथा आहे, सहा महिन्यांत बंद करा. दुसरा, नुसती बंद करून माणसं रस्त्यावर टाकू नका. गुजरातमधल्या केवडियाला जशी ई-रिक्षांची योजना आहे, तशी शासनाने स्वतः ई-रिक्षा घेऊन त्या खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात. पैसे नाहीत हे कारण चालणार नाही. आणखी ई-रिक्षांची गरज असेल तर आदिवासी महिलांचा आणि आजूबाजूच्या इतरांचा विचार करा. तिसरा, दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक चालतील, पण आतल्या पायवाटांवर आणि ट्रेकच्या वाटांवर नाही.

कोर्टाने १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या निकालाचा दाखला दिला आहे. हा खटला अमृतसरच्या सायकलरिक्षावाल्यांचा. पंजाबने कायदा केला होता की जो रिक्षा चालवतो त्यालाच परवाना, भाड्याने देणाऱ्या मालकाला नाही. हेतू चांगला, पण चालवणाऱ्याकडे रिक्षा विकत घ्यायला पैसे कुठे होते? मालक हटला की चालकही उपाशी. तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर बँकेच्या कर्जाने चालकालाच रिक्षेचा मालक करायची वाट काढली गेली.

४५ वर्षांनी माथेरानपुढे तोच प्रश्न आहे. परवाना एकाच्या नावावर आणि ओढणारे दुसरेच, असं अनेक ठिकाणी असतं. माथेरानमध्ये हातरिक्षांचे परवाने ९४. पण एका रिक्षेमागे तीन माणसं लागतात हे आपण वर पाहिलं. मग ई-रिक्षा कुणाला? परवानाधारकाला, ओढणाऱ्याला, की ढकलणाऱ्याला? प्रायोगिक ई-रिक्षांच्या वेळीच हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला होता. माझ्या ओळखीचे एक काका आयुष्यभर मागून ढकलत आले. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पालखी उचलणाऱ्यांचं जसं नव्हतं, तसंच.

आणि घोडेवाले?

घोडेवाल्यांना खलनायक करणाऱ्या पोस्ट मला पटत नाहीत. साडेचारशेच्या आसपास परवानाधारक घोडे आहेत, त्यांच्यामागे अनेक कुटुंबं. पावसाळ्याचे चार महिने घोड्याला चारा घालावाच लागतो, कमाई असो नसो. ई-रिक्षेने दस्तुरी ते बाजार हा पट्टा गेला तर त्यांचं रोजचं पक्कं गिऱ्हाईक जातं, ही भीती खरी आहे. गुळगुळीत ब्लॉकवर घोडा घसरतो हीही खरी गोष्ट आहे.

पण १९०७ ला गाडी आली तेव्हाही तट्टूवाल्यांचा नेरळचा धंदा बसलाच असणार. ते संपले नाहीत, पॉइंटांकडे वळले. आजही ई-रिक्षा मुख्य रस्त्यापुरती ठेवली आणि पॉइंटांच्या लाल वाटा घोड्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखल्या, तर दोघांचं पोट भरू शकतं. अट एवढीच, की ई-रिक्षा त्या वाटांवर घुसवायची नाही. आज एका पॉइंटला परवानगी मागतील, उद्या सगळ्यांना. मग जंगलही गेलं आणि घोडाही गेला.

मग आपण काय मागायचं?

मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारणार आहे, तुम्हीही विचारा.

एक, हातरिक्षा ओढणाऱ्या आणि ढकलणाऱ्या सगळ्यांची यादी नावानिशी नगरपरिषदेच्या फलकावर लावा. हरकती जाहीरपणे ऐका, मगच वाटप करा.

दोन, बॅगा वाहणाऱ्या आदिवासी भगिनींचा विचार "उरलं तर बघू" असा नको. कोर्टाने त्यांचा उल्लेख केला आहे, तर आकडा सांगा.

तीन, शाळेची मुलं आणि पेशंट यांना ई-रिक्षेत पहिला हक्क. दिवाळीच्या गर्दीत गावातली आजी रांगेत उभी राहू नये.

चार, ज्यांचं वय आता ई-रिक्षा शिकायचं राहिलं नाही, अशांसाठी पेन्शन किंवा एकरकमी मदत. तीस वर्षं ओढलेल्या गुडघ्यांना ड्रायव्हिंगचा परवाना देऊन काय होणार?

आणि पाहुण्यांना सांगायचं तर, धडधाकट असाल तर चाला. माथेरान चालायचंच गाव आहे. अमन लॉजपासून रुळांच्या कडेकडेने बाजारात या. पहाटे उठून पॅनोरमा, दुपारी शार्लोट आणि पिसारनाथाचं दर्शन, संध्याकाळी सनसेट पॉइंट. दम असेल तर नेरळहून पेबचा किल्ला करा, चौकवरून वन ट्री हिल चढा, वाट माहीत असलेल्या स्थानिकाला सोबत घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. घोड्यावर बसायचं तर दरफलक बघा, ठरवा, बसा. प्लास्टिक खाली परत न्या. एवढं केलं तरी पुष्कळ.

एक शेवटची विनंती. तुमच्या घरात कुणी हातरिक्षा ओढली असेल, हमाली केली असेल, आजोबा-पणजोबांच्या पालखीच्या गोष्टी ऐकल्या असतील, जुना परवाना किंवा फोटो पेटीत पडला असेल, तर कमेंटमध्ये लिहा, फोटो टाका. साहेबांच्या बंगल्यांची नावं पाटीवर आहेत. ओढणाऱ्यांची नावं तरी एका ठिकाणी लिहून काढू. त्यांची परवानगी घेऊनच, अर्थात.

दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा. भेटू वर!